निदान : एका येत्याजात्या दिव्याचा इतिहास

१

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाची ओळख पटवण्याचा वाचक आहे, तर घरगुती बोलण्यात ‘निदान चहा तरी घ्या’ असे म्हणताना तो ‘किमान’ या अर्थाने येतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आदिकारण असा आहे. माधवकराच्या ‘रोगविनिश्चय’ या ग्रंथाला परंपरेने ‘माधवनिदान’ हे नाव दिले ते या अर्थाला धरूनच. कारण, कारणाचा शोध आणि ‘किमान एवढे तरी’ असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या घरात नांदतात. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या वस्तूचा इतिहास पाहणार आहोत, तिच्या वाट्याला हे तीनही अर्थ आले आहेत.

ती वस्तू म्हणजे आजच्या मोटारीच्या फलकावरचा, इंजिनाच्या बाह्याकृतीचा पिवळट केशरी दिवा. लोक त्याला ‘चेक इंजिन लाइट’ म्हणतात. नियमांच्या भाषेत तो ‘मालफंक्शन इंडिकेटर लॅम्प’, म्हणजे बिघाडदर्शक दिवा. तो लागून राहिला तर माणूस मुकाट्याने गॅरेज गाठतो. पंचाईत होते ती तो येऊनजाऊन लागतो तेव्हा. सोमवारी लागला, गुरुवारी आपोआप गेला, पुढल्या आठवड्यात पुन्हा उगवला. गॅरेजात न्यावी तर गाडी शहाण्यासारखी वागते आणि फलक निर्मळ असतो. मग मालक म्हणतो, ‘दिवा गेला, म्हणजे बरे झाले असावे.’ मेकॅनिक म्हणतो, ‘पुन्हा लागला की आणा.’ दोघेही दिव्याकडे पाहत असतात आणि दोघांनाही तो लहरी वाटतो.

आमचे म्हणणे असे की, हा दिवा लहरी नाही. तो ज्या नियमाने लागतो आणि ज्या नियमाने विझतो, ते नियम इतिहासात ठरले आहेत, आणि तो इतिहास चालकाच्या सोयीचा नसून एका शहराच्या हवेचा आहे. तो ठाऊक नसेल तर दिव्याचे येणेजाणे कोडेच राहते. चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधावर वर्गात वर्षानुवर्षे बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी या दिव्याकडे वळण्याचे कारणही हेच आहे. चिन्ह दिसले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे, आणि चिन्ह नाहीसे झाले म्हणजे अर्थ नाहीसा झाला असेही नव्हे. हे आपण कवितेच्या संदर्भात सहज मान्य करतो. यंत्राच्या संदर्भात मात्र विसरतो.

२

दिव्याच्या आधी काटे होते. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, बॅटरीत भरणारी वीज यांचे आकडे गोल तबकड्यांवर दिसत आणि त्यांवरून काय समजायचे ते चालकाने ठरवायचे असे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने यांपैकी काही काट्यांच्या जागी दिवे बसवले. पुढे इतरांनीही तेच केले. अमेरिकी बोलीत या दिव्यांना ‘ईडियट लाइट’ असे कुत्सित नाव पडले, कारण त्यांनी चालकाकडून विचाराचे काम काढून घेतले होते. काटा प्रमाण सांगतो आणि अनुमान पाहणाऱ्यावर सोडतो. दिवा अनुमान करून मोकळा होतो आणि फक्त निकाल कळवतो. निकालाची कारणमीमांसा त्याच्यापाशी नसते.

तरीही त्या काळी खरे निदान फलकावर होत नव्हतेच. ते मिस्त्रीच्या कानात आणि बोटांत होते. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर ‘मिसिंग मारते’ अशी तक्रार आली की मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाही. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर आपले काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच होता. आपल्या तर्कपरंपरेत याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एखादी गोष्ट असताना काय होते आणि नसताना काय होते, यांची तुलना करून कारण पकडायचे. मिस्त्रीने हे नाव ऐकलेले नसेल, पण पद्धत त्याच्या हातात होती. त्या निदानाची मर्यादा एवढीच की ते माणसाबरोबर येई आणि माणसाबरोबर जाई, शिवाय दोष समोर हजर असल्याखेरीज ते चालत नसे. गैरहजर दोषाची साक्ष काढण्याची सोय त्यात नव्हती.

३

गैरहजर दोषाची नोंद ठेवण्याची गरज निर्माण झाली ती एका धुरामुळे.

२६ जुलै १९४३ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरावर असा काही धुरकट पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले आणि थोड्या अंतरापलीकडचे दिसेना. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जपान्यांनी विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. पुढे संशय शहरातल्या कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. लोकक्षोभामुळे तो काही काळ बंद ठेवण्यात आला. धूर मात्र येतच राहिला.

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठात डोंगरावरचा धूर पाहून तिथे आग आहे असे अनुमान करायला शिकवतात. लॉस एंजेलिसच्या नागरिकांनी नेमके हेच केले. धूर आहे, म्हणजे कुठेतरी मोठे धुराडे असणारच. त्यांची चूक अशी की हा धूर कोणत्याही एका आगीचा नव्हता. मूळ नेदरलँड्सचे आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करत होते. तीच कसोटी त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या सुमारास आणि नंतरच्या दोनतीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की, मोटारींतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणारे हायड्रोकार्बन आणि ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणारा पदार्थ कोणत्याच नळीतून बाहेर पडत नव्हता, तो हवेतच शिजत होता. आरोपी एक नव्हता, लाखो होते. आणि प्रत्येकाचा गुन्हा स्वतंत्रपणे पाहिला तर क्षुल्लक होता.

मोटार उद्योगाने हा निष्कर्ष सहजासहजी स्वीकारला नाही. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेची देखरेख करणारे राज्यस्तरीय एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी हागेन-स्मिट हेच त्याचे अध्यक्ष झाले. १९७० चा राष्ट्रीय ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ आला. त्याने मोटारींच्या विषारी उत्सर्जनात मोठी कपात करण्याचे बंधन घातले. १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांच्या धूरनळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. पुढचे पाऊल व्होल्वो आणि बॉश यांनी टाकले. १९७७ च्या मॉडेलच्या, कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या व्होल्वो गाड्यांत त्यांनी धूरनळीतला प्राणवायू मोजणारा सेन्सर बसवला. तीन प्रकारचे प्रदूषक एकाच वेळी निवळायचे, तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. कार्बोरेटरच्या हाताने हे जमण्यासारखे नव्हते. सेन्सरने धूर हुंगायचा, संगणकाने हिशेब करायचा आणि इंधन कमीजास्त करायचे, ही साखळी अपरिहार्य झाली. मोटारीत संगणक आला त्याला हे एक प्रमुख कारण आहे.

४

येथे एक नवा प्रश्न उभा राहिला. कारखान्यातून बाहेर पडताना स्वच्छ असलेली गाडी पाच वर्षांनी स्वच्छ राहीलच, याची हमी कोण देणार? सेन्सर म्हातारा होतो, नळी तडकते, वायर सैल होते. गाडी चालत राहते, चालकाला काही जाणवतही नाही, पण हवा बिघडत राहते. ज्याचे नुकसान होते तो गाडीबाहेरचा असतो, आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला वेदना नसते. प्रत्येक गाडीत निरीक्षक बसवणे शक्य नव्हते. म्हणून निरीक्षकच यंत्राच्या रूपाने गाडीत बसवण्यात आला.

जनरल मोटर्सने १९८१ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत संगणक आणि ‘चेक इंजिन’ दिवा बसवला होता. ठरावीक दोन टोके तारेने जोडली की तो दिवा ठरावीक वेळा लुकलुके आणि मेकॅनिक त्यावरून सांकेतिक आकडा मोजी. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने १९८५ मध्ये नियम करून अशी व्यवस्था १९८८ च्या मॉडेलांपासून सक्तीची केली. तिला ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’, संक्षेपाने ओबीडी, म्हणजे गाडीतच बसलेली निदानव्यवस्था, असे नाव आहे. या पहिल्या पिढीची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी होती आणि तिची नजर मुख्यतः तुटलेल्या किंवा एकमेकींना भिडलेल्या तारांपुरती होती. दुसरी पिढी, ओबीडी-दोन, १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना लागू झाली. सोळा टोकांचे एकच जोडठिकाण, एकच संकेतभाषा, आणि तपासाचा विषयही व्यापक: कन्व्हर्टर काम करतो का, सिलिंडर पेटायचे चुकतो का, टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का.

या भाषेला व्याकरण आहे. ‘पी०३०१’ हा संकेत घ्या. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा. त्यापुढचे शून्य सांगते की हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. तीन हा आकडा प्रज्वलनाचा विभाग दाखवतो. शेवटचे दोन आकडे म्हणजे पहिला सिलिंडर पेटायचा चुकला. विशेष म्हणजे हे ‘चुकणे’ संगणक मिस्त्रीप्रमाणेच ओळखतो, फक्त कानाऐवजी तो क्रँकशाफ्टची गती मोजतो. प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्टला मिळणारा बारीकसा झटका एखाद्या वेळी मिळाला नाही, तर तो नोंद करतो. खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनीही असा भास होऊ शकतो, म्हणून काही गाड्यांत अशा वेळी ही तपासणी स्थगित ठेवण्याची तजवीज असते.

या इतिहासातून निघणारी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. दिव्यावर चित्र इंजिनाचे असले, तरी फिर्याद हवेची आहे. अमेरिकी नियमांत दिवा लागण्याची सर्वसाधारण मर्यादा उत्सर्जनाच्या मानकाच्या दीडपट अशी धरली गेली. बिघाडाने धूर त्या मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता असेल तर दिवा लागतो. ब्रेकचे लायनर झिजले, क्लच घसरू लागला, तरी हा दिवा शांत राहू शकतो. उलट गाडी लोण्यासारखी चालत असतानाही तो लागू शकतो.

५

आता त्या येण्याजाण्याकडे वळू. दिवा अधूनमधून लागतो याची कारणे तीन पातळ्यांवर शोधावी लागतात, आणि निदानातला बहुतेक गोंधळ या पातळ्या एकमेकींत मिसळल्याने होतो.

पहिली पातळी दोषाची. दोष स्वतःच पाळी धरून येत असतो. एखादे कनेक्टर इंजिन तापले की प्रसरण पावून सैल होते आणि निवले की पुन्हा भिडते. पावसाळ्यात ओल धरणारी इग्निशन कॉइल ऑक्टोबरच्या उन्हात निर्दोष वागते. दुसरी पातळी तपासणीची. दोष कायम असतो, पण त्याची परीक्षा रोज होत नाही. टाकीतल्या वाफेच्या गळतीचे उदाहरण घ्या. ही तपासणी साधारणतः इंजिन थंड असताना सुरू केल्यावर, आणि टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी नसतानाच होते. झाकण नीट न लावलेली टाकी आठवडाभर तशीच असेल आणि परीक्षा एकाच दिवशी झाली असेल. तिसरी पातळी खुद्द दिव्याच्या नियमाची. इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंतच्या काळाला एक आवर्तन म्हणू. बहुतेक दोष एका आवर्तनात दिसले तर संगणक नुसती कच्ची नोंद करतो. पुढच्या आवर्तनात पुन्हा दिसले तरच दिवा लावतो. एकाच साक्षीवर शिक्षा नको, असा हा न्याय आहे. सलग तीन आवर्तनांत तीच परीक्षा होऊन दोष आढळला नाही, तर दिवा विझतो. मात्र नोंद लगेच पुसली जात नाही. इंजिन पुरेसे तापून निवण्याची सुमारे चाळीस आवर्तने निर्दोष पार पडेपर्यंत ती स्मृतीत राहते.

म्हणजे दिवा विझणे ही आरोग्याची खूण नसून केवळ अलीकडच्या काही परीक्षांत दोष सापडला नाही याची वार्ता आहे. या साऱ्या नियमांना एक अपवाद आहे. दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागला, तर सिलिंडर इतक्या वेळा चुकत आहेत की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटत आहे आणि तो जळून निकामी होण्याचा धोका आहे. तिथे वाट पाहायची नसते. वेग उतरवून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवायची असते.

आपल्या वैद्यकाला पाळीचा दोष नवा नाही. एक दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक अशा विषमज्वरांचे वर्णन आयुर्वेदाने केले आहे. ताप नसलेल्या दिवशी रोग गेला असे तिथे मानलेले नाही. तो धातूंत दडून राहतो अशी कल्पना केली गेली. १८८०च्या दशकात इटलीत कामिल्लो गोल्जी यांनी हिवतापाच्या जंतूंचे रक्तपेशींतले जीवनचक्र आणि तापाची पाळी यांचा मेळ दाखवला, तेव्हा या दडून राहण्याला आधुनिक अर्थ मिळाला. तपासणारा कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला रक्त घेतो यावर त्याला काय दिसेल हे अवलंबून असते, हा धडा त्यातून वैद्यकाने घेतला.

गाडीच्या बाबतीत ती घटका यंत्राने आधीच टिपलेली असते. दिवा लावण्याजोगा दोष नोंदवताना संगणक त्या क्षणाची परिस्थिती गोठवून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती, वेग किती, पाण्याचे तापमान किती, इंजिनावरचा भार किती, इंधनात दुरुस्ती किती चालली होती. तंत्रज्ञ याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. दोष हजर नसतानाही त्याची जबानी वाचता येते ती यामुळे. एक उदाहरण घेऊ. संकेत मिळाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. घाईने पाहणारा प्राणवायूचा सेन्सर बदलून मोकळा होईल. पण गोठवलेल्या क्षणात पाणी थंड होते आणि इंजिन मंद गतीवर होते. मंद गतीवर संगणकाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास जास्तीचे पेट्रोल सोडावे लागते आणि फेरे अडीच हजारांवर नेले की ही दुरुस्ती जवळजवळ शून्यावर येते. आता अर्थ लागू लागतो. मोजमाप चुकवून हवा कुठून तरी आत शिरते आहे. इंजिन मंद असताना ती चोरटी हवा एकूण हवेच्या मानाने मोठी असते, फेरे वाढल्यावर नगण्य होते. आणि थंडीत आकसणारी, तापल्यावर फुगून बसणारी एखादी रबरी नळी किंवा गॅस्केट असेल, तर दिवा थंड सकाळी येतो आणि दुपारच्या गॅरेजात दिसत नाही, हेही उलगडते. सेन्सर येथे आरोपी नाहीच. तो खरे बोलणारा साक्षीदार आहे.

म्हणूनच निदानाचा पहिला नियम असा की, वाचण्याआधी पुसू नये. स्कॅनर लावून संकेत पुसला की दिवा तत्काळ जातो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण त्याबरोबर गोठवलेला क्षण जातो, कच्च्या नोंदी जातात आणि कोणकोणत्या परीक्षा पूर्ण झाल्या याचा ताळाही जातो. हा पुरावा नष्ट करण्याचाच प्रकार आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमांनी २०१० च्या मॉडेलांपासून स्कॅनरने न पुसता येणाऱ्या कायम नोंदी टप्प्याटप्प्याने सक्तीच्या केल्या, त्या याच पुसापुशीला आळा घालण्यासाठी. दुसरा नियम असा की, संकेत हे कारणाचे नाव समजू नये. पी०४२० हा संकेत कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते एवढेच सांगतो. धूरनळीला सेन्सरजवळ बारीक भोक पडले तरी तो उमटू शकतो. आयुर्वेदात निदानाच्या पाच अंगांपैकी ‘उपशय’ हे एक आहे. औषध-आहार देऊन पाहायचे आणि गुण येतो की नाही यावरून रोग ओळखायचा. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवून संकेतही तिच्यामागे जातो का पाहणे, हा उत्तम उपशय झाला, कारण त्यात खर्च नाही आणि उत्तर नेमके आहे. अंदाजाने एकामागून एक महागडे सुटे भाग बदलत जाणे हा मात्र त्याचा विपर्यास आहे.

६

न्यायशास्त्राकडे पुन्हा थोडे वळतो, कारण वर सांगितलेले सारे तिथे आधीच मांडून ठेवलेले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी मानली जाते. तिची उलट, जिथे अग्नी तिथे धूर, ही खोटी ठरते. नैयायिकांचे प्रतिउदाहरण आहे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर निघायला ओले सरपण हवे. ही अट त्यांनी ‘उपाधी’ या नावाने वेगळी काढली. दिव्याचेही तसेच आहे. दिवा आहे तर नोंदलेले काहीतरी व्यंग आहे, हे अनुमान बरेचसे सुरक्षित. व्यंग आहे तर दिवा असेलच, हे अनुमान असुरक्षित. तिथे परीक्षा झालेली असणे, ती दोनदा झालेली असणे आणि दोष हवेशी संबंधित असणे या उपाध्या आहेत. ‘दिवा गेला, म्हणजे बरे झाले’ म्हणणारा मालक या उपाध्या विसरतो.

२०१५ मध्ये या लोखंडी गोळ्याने जगाला चटका दिला. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवागेन कंपनीवर नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला प्रयोगशाळेतली चाचणी ओळखता येत होती. चाचणीत गाडी स्वच्छ वागे आणि रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मानकाच्या चाळीस पटींपर्यंत सोडी. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने सांगितले. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे वेताळ टेकडीवरच्या आपल्या परिचित ‘एआरएआय’ने, चाचण्या केल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. इतक्या गाड्या इतकी वर्षे हवा बिघडवत असताना फलकावरचा दिवा त्याबद्दल मूक राहिला, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. सारे ठरल्याप्रमाणे चालले होते. जो निरीक्षक गाडीत बसवला होता, त्याची नेमणूक आणि शिकवण आरोपीच्याच हाती होती. हे उघड झाले ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धूर मोजण्याची उपकरणे गाडीत घालून रस्त्यावर प्रवास केला म्हणून. त्यांनी दिव्यावर विसंबून न राहता पुन्हा धुराकडेच पाहिले.

७

शेवटचा प्रश्न वाचनाच्या अधिकाराचा. संकेत सर्वांना समान केले, तरी कंपन्यांचे खास संकेत, वायरिंगचे नकाशे आणि स्कॅनर कोणाला मिळणार? अमेरिकेत १९९० च्या कायदादुरुस्तीनेच स्वतंत्र मेकॅनिकांना उत्सर्जनविषयक दुरुस्तीची माहिती देण्याचे बंधन घातले होते, आणि २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने दुरुस्तीच्या हक्काचा व्यापक कायदा केला. आपल्याकडे भारत स्टेज चार मानकांबरोबर १ एप्रिल २०१० रोजी ओबीडीची पहिली पायरी तेरा शहरांत आली. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते. दुसरी पायरी १ एप्रिल २०१३ पासून, आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून देशभर. तेव्हापासून हा दिवा नव्या दुचाकींच्या फलकावरही पोहोचला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजांना न मिळू दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे अपिलांत गेला, पण आयोगाने उभा केलेला प्रश्न अपिलाने मिटणारा नाही. ज्याला चिन्ह वाचू दिले जात नाही तो अडाणी ठरवला जातो, आणि मग अडाणी आहे म्हणून त्याला वाचू देत नाहीत.

आमच्या मते येथे पणाला लागलेली गोष्ट मोटारीहून मोठी आहे. ज्याच्या हातात अन्वय-व्यतिरेक होता तो मिस्त्री आज संकेताचा नुसता वाहक होऊ लागला आहे: स्कॅनर जे नाव दाखवील तो भाग बदलायचा. हे घडते ते यंत्र आले म्हणून नव्हे. यंत्राची नोंद म्हणजेच निदान असे आपण मानले म्हणून. इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शिकारी, वैद्य, चित्रपारखी आणि गुप्तहेर यांना एका रांगेत बसवले, कारण हे सगळे बारीक खुणांवरून न दिसणाऱ्याकडे जातात. त्या रांगेत गॅरेजमधला जाणता मेकॅनिक आणि संहितेचा वाचक यांनाही जागा आहे. दोघांनाही हजर असलेल्या शब्दाइतकेच गैरहजर संदर्भाकडे लक्ष द्यावे लागते. दोघांनाही सोपा अर्थ हाती लागताच थांबण्याचा मोह होतो.

दिवा अधूनमधून लागतो तेव्हा तो काय म्हणतो? कारण तो सांगत नाही, ते त्याला ठाऊकही नसते. ते शोधण्याचे काम तो माणसावरच सोपवतो. तो एवढेच म्हणतो की अमुक क्षणी, अमुक स्थितीत, काहीतरी ठरल्याप्रमाणे घडले नाही, आणि त्याची नोंद मी ठेवली आहे. विझल्यावरही, निदान काही काळ, ती नोंद तिथे असते. तेवढ्यात ती वाचायला हवी.